खुलासा : ‘डिप्रेशन म्हणजे दुःखच’ हा फॉरवर्ड चुकीचा आहे

फॅमिली ग्रुपांवर सध्या फिरतंय : ‘डिप्रेशन वगैरे काही नसतं, साधं दुःख असतं. कामात मन गुंतवा, आठ दिवसांत बरं वाटेल.’ तसं नाही.

दुःख लाटांसारखं येतं-जातं. वडील गेलेला माणूस दहाव्याला रडतो, अन् त्यांचा एखादा किस्सा निघाला की हसतोही. नैराश्यात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, अशी उघडीप क्वचितच मिळते. निदानासाठी डॉक्टर नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज दिसतात का, ते पाहतात. त्यात उदासपणा किंवा कशातच रस न उरणं, यांतलं एक हवंच. म्हणजे डोळ्यांत टिपूस नसतानाही नैराश्य असू शकतं. पहाटे तीनला जाग, आवडीचं जेवणही नकोसं, आंघोळीला उठणं जिवावर, ‘माझंच चुकलं’ हा घोष. मन गुंतवायची ताकदच आजाराने हिरावलेली असते! (थायरॉइड कमी पडलं तरी अशी मरगळ येते, म्हणून रक्त तपासतात.)

एवढं मात्र खरं, की व्यायाम, चालणं यांनी सौम्य नैराश्यात फायदा होतो. औषधं सुरू केल्यास गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका : टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही.