कानाला खाच असलेलं कुत्रं रोगट नसतं, तो फॉरवर्ड पाठवणं बंद करा

माझी मावशी सांगलीला असते. पंधरा दिवसांपूर्वी तिने तिथल्या पेपरच्या पुरवणीत एका शेल्टरमधल्या कुत्रीचा फोटो बघितला, काळी-पांढरी, तीनेक वर्षांची, खाली 'घर हवंय' आणि फोन नंबर. काका गेल्यापासून मावशी एकटीच आहे, तिने आपणहून फोन केला, रविवारी बघायला जायचंही ठरलं, आणि शनिवारी रात्री फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, 'पेपर आणि लोकल चॅनलवरून कुत्री दत्तक घेऊ नका, डॉक्टरांचा इशारा'. कुठले डॉक्टर? नाव नाही, गाव नाही. मावशी घाबरली आणि गेलीच नाही.

त्यातला सगळ्यात भयंकर मुद्दा हा: 'कान कापलेलं कुत्रं म्हणजे रेबीजचं, महापालिकेने केलेली खूण.' अहो, बरोबर उलटं आहे! नसबंदीचं ऑपरेशन करताना, कुत्रं भुलीत असतानाच कानाला छोटी खाच करतात, आणि रेबीजची लसही देतात, म्हणजे तेच कुत्रं परत पकडून पुन्हा ऑपरेशन टेबलवर नेलं जाऊ नये. रेबीजची लक्षणं दिसू लागलेलं कुत्रं साधारण दहा दिवसांत मरतं, म्हणून तर चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात. ते खूण करून ठेवायला शिल्लकच राहत नाही. आणि या मेसेजवर विश्वास ठेवून लोक लस झालेल्या कुत्र्याला दगड मारणार आणि लस न झालेल्याला जवळ घेणार, याचा कोणी विचार केलाय? (खाच आहे म्हणून चावल्यावर डॉक्टरकडे जायचं नाही असं मात्र करू नका, लस दर वर्षी लागते, जखम साबणाने धुवा आणि इंजेक्शन घ्याच.)

पुढे म्हणे 'सुप्रीम कोर्टाने भटकी कुत्री दत्तक घ्यायला बंदी केली, असे फोटो छापणं बेकायदेशीर'. 22 ऑगस्ट 2025 चा आदेश वाचा. त्यात स्पष्ट आहे की ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून देतील, ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. नंतर 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, स्टेशन इथली कुत्री शेल्टरमध्ये न्यायला सांगितलं, गोंधळ बहुतेक त्यावरून झाला असेल. पण मग शेल्टरमध्ये कुत्री वाढणार आणि त्यांना घरं शोधायची गरजही वाढणार, बंदी कुठून आली यात?

'गावठी कुत्री शिकत नाहीत' यावर मी वेळ घालवत नाही, ज्यांनी पाळलीत त्यांना विचारा.

'पैसे उकळायचा धंदा', यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. कुत्रं न दाखवताच गाडीभाड्याचे पैसे आधी ऑनलाइन मागणारे फसवे लोक आहेत. पण ते बहुतेक लांबच्या शहरातलं कुत्रं दाखवतात. सांगलीच्या पेपरातला फोटो बघणारा सांगलीतच राहतो, संध्याकाळी जाऊन कुत्रं बघता येतं, लसीचं कार्ड तपासता येतं, दोन-तीनदा जाऊन ओळख करून घेता येते. शेल्टरचं इन्स्टा पेज आधीच कुत्री आवडणारे लोक बघतात, माझ्या मावशीच्या हातात पेपर असतो आणि केबलवरची खालची पट्टीही ती वाचते. तिच्यापर्यंत पोचायला दुसरा रस्ताच नाही. फक्त छापणाऱ्यांनी नुसतं 'गोड आहे' न लिहिता वय, नसबंदी आणि लस झालीय का, लहान मुलांत किंवा मांजरासोबत राहील का, एवढं लिहावं, म्हणजे नेऊन परत आणून सोडण्याचे प्रकार कमी होतील.

मी काल त्या नंबरवर फोन केला. ती कुत्री अजून तिथेच आहे. मावशी, मी शनिवारी येतोय, आपण दोघं जाऊन बघून येऊ.