झुरळं कुणाची?

"तुमची झुरळं आमच्याकडे येतात," खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. माझ्या हातात दुधाच्या दोन पिशव्या. 'तुमची' या शब्दावर असा जोर, की जणू मीच त्यांची बारशी केली होती आणि रोज रात्री जेवणं झाली की त्यांना खाली शतपावलीला सोडत होतो.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात झुरळ म्हणजे मोरीतून येणारं, लालसर, अंगठ्याएवढं. एकटं यायचं, चपलेचा फटका खायचं, विषय संपायचा. कोथरूडच्या फ्लॅटमधलं झुरळ निराळं. बोटाच्या पेराहून लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या आणि मागे सगळं गाव. मादी 30-40 अंड्यांची पेटी पोटाशी घेऊन हिंडते, पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत खाली ठेवत नाही. ट्रॉली ओढली की पळापळ सुरू.

याला म्हणतात जर्मन झुरळ. आमची आजी अॅल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं' म्हणायची. त्या पातेल्याचा जर्मनीशी जेवढा संबंध, तेवढाच याचा. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं 1767 साली नाव देऊन टाकलं आणि ते चिकटलं. 2024 साली संशोधकांनी 17 देशांतल्या 281 झुरळांची जनुकं तपासली, तेव्हा कुंडली उघडली. हे आशियाई झुरळापासून सुमारे 2100 वर्षांपूर्वी वेगळं झालं, तेही भारत किंवा म्यानमारच्या बाजूला. इकडे सातवाहनांचं राज्य चालू होतं, तिकडे यानं शेत सोडून माणसाच्या घरात बिऱ्हाड केलं. मग 1200 वर्षांपूर्वी पश्चिमेकडे निघालं आणि युरोपात पोचलं जेमतेम 270 वर्षांपूर्वी. आपल्याकडचंच, पण परदेशात नाव काढलेलं. आता मॉड्युलर किचनशिवाय राहवत नाही. अशी माणसंही आमच्या सोसायटीत आहेत, पण ते असो.

आईनं तिचा रामबाण काढला. बोरिक पावडर, कणीक आणि पिठीसाखर दुधात मळून गोळ्या. ओट्याच्या कोपऱ्यात, सिलिंडरमागे, फ्रिजखाली. झुरळं गोळ्यांना वळसा घालून गेली. मला अपमान वाटला, आईला जास्तच. ("पीठ तुझ्या बायकोनं मळलं होतं.")

मग मी वाचायला बसलो, आणि तिथेच फसलो. अमेरिकेत विषारी आमिषात ग्लुकोज घालायचे. फ्लोरिडातली काही झुरळं त्याला तोंड लावेनाशी झाली. ज्यांना ग्लुकोज आवडायचं ती मेली. ज्यांना आवडत नव्हतं त्यांना पोरंबाळं झाली, आणि पोरांनी आवड तीच उचलली. ही नावड वारशानं येते, तीही मुख्यतः एकाच जनुकातून, हे 1993 साली दाखवलं गेलं. आई-बाप दोघांकडून मिळालं तर पक्की नावड, एकाकडूनच मिळालं तर मधली. 2013 साली कारणही कळलं: कडू चव ओळखणाऱ्या त्यांच्या चेतापेशी ग्लुकोजनंही चाळवतात. गोड पुढे आलं की त्यात कडू लागायचं, हा स्वभाव मी पेठेत जन्मभर पाहिलाय. त्याला एक जनुक पुरतं, हे मात्र नवीन होतं.

त्याच रात्री मी ओट्यावर ग्लुकोजचं बिस्किट ठेवलं आणि दिवा मालवून अंधारात उभा राहिलो. पाऊण तासानं बायकोनं दिवा लावला. "डब्यात मऊ पडलेलं आहे ते. आपण तरी खातो का?"

या नावडीनं त्यांच्या संसारातही बिब्बा घातला होता. नर पंख उचलून पाठीवरचा गोड स्राव मादीपुढे करतो. थोडक्यात कांदेपोहे. त्यातल्या माल्टोज नावाच्या साखरेचं मादीच्या लाळेनं ग्लुकोज होतं. ग्लुकोज न सोसणारी मुलगी पोहे अर्धवट टाकून उठते आणि बैठक मोडते. मला वाटलं, चला, वंशच खुंटला. कसला! अशा घराण्यातल्या नरांनी पाककृतीच बदलली. लवकर ग्लुकोज न होणारी साखर वाढवली आणि मधला वेळ कमी केला. पोहे पुढे केले की लगेच अंतरपाट.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. रविवारी ट्रॉल्या रिकाम्या केल्या. कुकर पलंगावर, लोणच्याची बरणी टीव्हीसमोर, डाळींचे डबे देवघरापुढे, आणि मी पुलावाच्या मोठ्या पातेल्याशेजारी जमिनीवर. तो बिजागऱ्यांत जेलचे ठिपके टाकत होता. मी विचारलं, "यात साखर कुठली?" त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "सर, तीन दिवस ओटा फिनेलनं पुसू नका," तो तिला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा जिन्यात. "काल तुमच्याकडे औषध मारलंत ना? आज सगळी आमच्याकडे."

आता माझ्याकडे पुरावा होता. मी 281 झुरळं काढली, 17 देश काढले, म्यानमार काढला, सातवाहन काढले. काकूंनी सगळं शांतपणे, पिशवीतली मेथी सावरत ऐकून घेतलं.

"दोन हजार वर्षांचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथं राहायला आलात 2011च्या दसऱ्याला. त्याआधी बिल्डिंगमध्ये एकही झुरळ नव्हतं."