गेला म्हणजे कुठे गेला?

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

आईचा एक ठरलेला सिनेमा आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर खाली तो भारी की भिकार यावरच जुंपेल. पाऊण सिनेमा तिला पाठ आहे, संवाद पडद्यावरच्या माणसाआधी तिच्या तोंडून येतो. नायिकेच्या रडण्याचा प्रसंग आला की ती पाणी प्यायला उठते आणि तो संपला की बरोब्बर परत येऊन बसते. आज तिने रिमोट माझ्या हातात दिला, "लाव गं." लावायला गेले तर आम्ही दर महिन्याला पैसे भरतो त्या स्ट्रीमिंग ॲपवर (नेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या) सिनेमाच नाही. नाव टाइप केलं, स्पेलिंग बदलून टाइप केलं. नाही म्हणजे नाही. वर 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून एका सीरियल किलरची मालिका पुढे केली!

"गेला म्हणजे? कुठे गेला?" आई.

आता काय सांगू? सिनेमा दाखवायच्या हक्कांची मुदत संपली, ॲपवाल्यांनी करार पुढे वाढवला नाही. तिला वाटलं आपले पैसे भरायचे राहिले. पैसे कुठले राहतायत? ते दर महिन्याला न चुकता कापले जातात. सिनेमा मात्र न सांगता जातो.

भाचा लगेच म्हणाला, "मावशी, प्लॅन बदल, स्पीड वाढव." अरे बाबा, स्पीडचा काय संबंध! फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात असं नेटफ्लिक्सच सांगतं. फायबर घरात आलंय, बफरिंगचं ते गोल फिरणारं चक्र पाहून जमाना झाला. नळ मोठा झाला हो, पण चावी शेजारच्याच्या हातात आहे.

हे येतं कसं ते बघा. सिनेमा आपल्याकडे काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. लाइन चांगली असेल तर स्वच्छ तुकडा, मंद असेल तर धुरकट. पाहून झाला की तो तुकडा टाकून दिला जातो. रात्रभर बघा, सकाळी घरात त्यातलं काही शिल्लक नसतं. डाउनलोड करून ठेवावं, तर तेही कुलूप लावलेलं, त्या ॲपबाहेर उघडतच नाही. काही डाउनलोड तर एकदा बघायला सुरुवात केली की ४८ तासांत बाद. आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. नेटफ्लिक्ससारखी मंडळी आपले सर्व्हर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्याच जागेत ठेवतात आणि वर्दळ नसते त्या वेळी त्यांत सिनेमे भरून घेतात. म्हणजे सिनेमा तांत्रिकदृष्ट्या तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असू शकतो. पण कराराची तारीख उलटली की तुम्हाला दार बंद.

डिस्कच्या काळात असं नव्हतं. नेटफ्लिक्स स्वतः सुरुवातीला अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवायचं. तिथल्या कायद्यानुसार विकत घेतलेली डिस्क भाड्याने द्यायला निर्मात्याला पुन्हा विचारावं लागत नाही. त्यामुळे जुनंपुराणं, कुणी न विचारणारं असं सगळं कपाटात पडून राहू शकत होतं. २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू झालं आणि एकेका सिनेमासाठी ठरावीक मुदतीचे हक्क घेणं आलं. मुदत संपली की पुन्हा घासाघीस, आणि ज्या सिनेमाला फारसे बघणारे नाहीत त्याच्यासाठी कोण घासाघीस करणार? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते डीव्हीडीचं पाकीटही बंद झालं.

"मग विकत घे ना ऑनलाइन," असंही कुणीतरी म्हणेलच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवाल्यांना (म्हणजे त्यांचं गेम खेळायचं यंत्र वापरणाऱ्यांना) कळवलं होतं की तुम्ही पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरी चॅनलचे कार्यक्रम वर्षअखेरीला तुमच्या खात्यातून जाणार. बोंबाबोंब झाली म्हणून निर्णय फिरवला. पण बघा ना, पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली राहावी म्हणूनही लोकांना बोंबलावं लागलं. माझ्या आईच्या सिनेमासाठी कोण बोंबलणार? मी, फेसबुकवर, रात्री अकराला.

बरं, मान्य. एवढं घरबसल्या बघायला कधीच मिळालं नव्हतं, कुठल्या कुठल्या भाषांतलं, सबटायटलसकट. आणि हो, कॅसेटलाही बुरशी लागायची, माहीत आहे. पण बुरशी लागलेली कॅसेट माझी होती ना!

तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, एक गोष्ट दहादा बघणारे. म्हणून तुम्हाला कळेल. नवीन काय आलं हे सांगायला या कंपन्या फोन वाजवून वाजवून जीव नकोसा करतात. कुठला सिनेमा जाणार आहे, हे मात्र बहुतेक वेळा कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात. महिनाभर आधी ठळक सांगा की! म्हणजे आईला शेवटचा एकदा तरी दाखवला असता.

मघाशी लेक म्हणाली, "आजी, त्यात एवढं काय होतं?" मला वाटलं आता आई वैतागणार. तर तिने सिनेमा सांगायला घेतला. पहिल्या दृश्यापासून, गाण्यांसकट, मध्ये मध्ये कोण कसं चालत यायचं ते हातवारे करून. लेकीने चक्क मोबाईल बाजूला ठेवला. रडण्याचा प्रसंग जवळ आला तशी आई म्हणाली, "मग मध्ये जरा काहीतरी होतं," आणि थेट पुढचं गाणं. मी हसू दाबत बसले होते. राग तिथेच अर्धा उतरला होता खरं तर, हे लिहिताना पुन्हा चढला.

कारण हे सगळं ज्यांच्या आया-आज्यांना असं सांगता येत नाही, त्यांच्या घरी काय? तिथे तो सीरियल किलरच लागणार.

लिंका टाकू नका कुणी, मला चोरीचा नकोय. मला पैसे देऊन, माझ्या हार्ड डिस्कवर, बिनकुलपाची फाइल हवी आहे. अशी कुणी कायदेशीर विकत असेल तर सांगा, उद्या घेते. तोवर सबस्क्रिप्शन बंद करायचं ठरवलं होतं, पण लेकीची मालिका अर्ध्यावर आहे आणि पुढचा सीझन तिथेच येणार आहे म्हणे. बसा भरत.