बिनपरवाना जहाजावर सरकारी मंडळाची जाहिरात

सार्वजनिक पैशातून जाहिरात देणाऱ्या संस्थेने 'कायद्यात बंदी तर नाही ना' एवढंच पाहून सही करू नये, हे माझं ठाम मत आहे. यावर वाद घालायचा तर १९६४ ते १९६७ चं ब्रिटन डोळ्यांसमोर ठेवावं. तिथे हा प्रश्न अगदी उघडावाघडा दिसतो.

१९६४ च्या ईस्टरला रेडिओ कॅरोलाइन या बिनपरवाना खासगी नभोवाणी केंद्राचं जहाज इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर नांगर टाकून बोलू लागलं. वर्ष संपता संपता तसंच दुसरं जहाज, रेडिओ लंडन, आलं. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा तीन सागरी मैलांची. जहाज त्या रेषेबाहेर आणि ध्वज परदेशी, त्यामुळे प्रक्षेपणाला परवाना सक्तीचा करणाऱ्या १९४९ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता. इकडे बीबीसीला रेकॉर्ड वाजवण्याचे तास करारानं मोजून मिळालेले, त्यामुळे दिवसभर पॉप ऐकायचं तर जहाजच लावावं लागे. श्रोते लाखोंनी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जिथे श्रोते तिथे जाहिरातदार जाणारच. साबण, सिगारेटवाले गेले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्रिटिश एग मार्केटिंग बोर्डही गेलं. हे कायद्याने उभं केलेलं मंडळ होतं, अंड्यांवरचं सरकारी अनुदान त्याच्यामार्फत उत्पादकांना मिळे. एक खातं ज्या केंद्राला बेकायदा म्हणत होतं, त्याच केंद्राला दुसऱ्या खात्याच्या छायेतलं मंडळ पैसे देत होतं. साबणवाल्याच्या जाहिरातीतून केंद्राला फक्त उत्पन्न मिळतं. सरकारी मंडळाच्या जाहिरातीतून इभ्रतही मिळते, आणि पुढच्या ग्राहकाला दाखवायला ती फार उपयोगी पडते.

पैशाची वाट नीट पाहिली की धोका कुठे आहे ते कळतं. विक्रीचं कार्यालय लंडनमध्ये, जमिनीवर. एजन्सी तिथे वेळ आरक्षित करी, जाहिरात टेपवर ध्वनिमुद्रित होई, टेप बंदरावरच्या पुरवठा बोटीतून जहाजावर जाई. समुद्र खवळला की बोट निघत नसे, आणि नवी टेप किनाऱ्यावरच पडून राही. जाहिरात ठरल्या वेळी लागली का, याचा पुरावा म्हणजे केंद्राचीच नोंदवही. एखादं केंद्र बंद पडलं तर? जानेवारी १९६६ मध्ये वादळात कॅरोलाइनच्या दोन जहाजांपैकी दक्षिणेकडचं, कॅरोलाइन साउथचं 'मी अमिगो', इंग्लंडच्या पूर्वेला फ्रिंटनच्या किनाऱ्याला लागलं आणि काही काळ प्रक्षेपण थांबलं. भरपाई मागायला परवाना देणारी, अटी घालणारी यंत्रणाच नव्हती. सरकारी लेखापरीक्षकापुढे असं बिल ठेवणार कसं?

शिवाय रेडिओ लहरींचा प्रश्न. मध्यम लहरींचे पट्टे युरोपातल्या देशांनी १९४८ च्या कोपनहेगन योजनेत वाटून घेतले होते. जहाजं त्यात मनाने जागा धरत. रात्री या लहरी आकाशातून परतून शेकडो किलोमीटरवर पोचतात, म्हणून दुसऱ्या देशातल्या रीतसर केंद्राच्या श्रोत्याला खरखर ऐकू येई.

'तेव्हा हे बेकायदा नव्हतंच' असं म्हणणाऱ्यांनी किल्ल्यांचं प्रकरण बघावं. रेडिओ ३९० टेम्सच्या मुखाजवळच्या रेड सँड्स या समुद्रात उभ्या युद्धकालीन किल्ल्यावरून चाले. ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पट्टी हद्द मोजताना धरायची का, म्हणजे किल्ला ब्रिटनच्या हद्दीत येतो का, असा वाद झाला, आणि १९६६ मध्ये न्यायालयाने केंद्राला दोषी धरलं. म्हणजे जाहिरात देणाऱ्या मंडळाला आधी सागरी नकाशा उघडून बसावं लागलं असतं!

सरकारने शेवटी जहाजावर पोलीस पाठवले नाहीत, जमिनीवरचा पुरवठा तोडला. १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेल्या कायद्याने या केंद्रांना जाहिरात देणं, माल पुरवणं, माणसं नेणं, त्यांच्यासाठी कार्यक्रम करणं हे सगळं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. रेडिओ लंडन त्याआधीच, १४ तारखेला दुपारी बंद झालं. कॅरोलाइन हट्टाने चालू राहिलं, पण मार्च १९६८ मध्ये दोन्ही जहाजं थकलेल्या देण्यापायी ओढून नेण्यात आली. जाहिरातीचा पैसा हाच कणा होता, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

माझ्या मताला खरी अडचण होते ती आयल ऑफ मॅनची, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या समुद्रातल्या, स्वतःची संसद असलेल्या बेटाची. कॅरोलाइन नॉर्थ तिथल्या किनाऱ्यासमोर उभं राही आणि बेटाच्या पर्यटनाला मोठी प्रसिद्धी देई. बेटाच्या संसदेने, टिनवाल्डने, हा कायदा नाकारला, तेव्हा लंडनने तो हुकमाने लादला. बेटाची बाजू मला समजते, आणि लादण्याची ती रीत मला पटत नाही. तरीही टिनवाल्डला आपली भूमिका उघड चर्चेत, मतदान करून घ्यावी लागली. अंड्यांच्या मंडळाने एजन्सीमार्फत वेळ विकत घेण्याला ती सर येत नाही.

आज समुद्री कायद्याच्या संयुक्त राष्ट्र करारातल्या १०९ व्या कलमानुसार असं प्रक्षेपण दाबायला सर्व देशांनी सहकार्य करायचं आहे. भारताने हा करार १९९५ मध्ये स्वीकारला. पण महापालिका, महामंडळ, विद्यापीठ यांच्या जाहिरात विभागाने कलमाची वाट बघू नये. करारातच चार अटी घालाव्यात: परवान्याची प्रत आणि मुदत, लहरीचा आकडा (फ्रिक्वेन्सी), केंद्राबाहेरच्या कोणी तपासलेली प्रक्षेपणाची नोंद, आणि परवाना गेला तर उरलेली रक्कम परत. पहिली अट पूर्ण होत नसेल तर पुढच्या तीन वाचायचीही गरज नाही.