पापणी आत वळणं आणि बाहेर वळणं हा ‘एकच आजार’ नाही

गेले काही दिवस मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पापणी आत वळली काय नि बाहेर वळली काय, आजार एकच, वयानं कातडी सैल पडते एवढंच. डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे, थेंबांची गरज नाही. टोचणारे केस उपटले आणि रोज मसाज केला की पापणी जागेवर येते. ऑपरेशन निव्वळ दिसण्यासाठी असतं. आणि आरशात पापणी नीट दिसत असेल तर काळजीचं कारण नाही.

माझ्या आत्याच्या वेळी हा मजकूर नव्हता, पण सल्ले हेच होते आणि तिनं ते मनापासून पाळले. तिच्या उजव्या बुबुळावर आज पांढरट डाग आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

‘आजार एकच’

अजिबात नाही. पापणी बाहेर वळते त्याला डॉक्टर एक्ट्रोपिअन म्हणतात, आत वळते त्याला एन्ट्रोपिअन. नावांत एका अक्षराचा फरक, त्यामुळेही घोळ होत असावा. डोळ्यांना मात्र फरक सहज दिसतो. बाहेर वळलेल्या खालच्या पापणीचं लाल अस्तर उघडं पडतं आणि पापणी डोळ्यापासून सुटलेली दिसते. आत वळलेल्या पापणीचे केसच दिसत नाहीत. आत्याकडे बघून मला वाटायचं, हिचे खालचे केस गळले की काय. ते जागच्या जागी होते, फक्त त्यांची तोंडं डोळ्याकडे होती आणि दर उघडझापीला ते बुबुळावर घासत होते.

हे कसं होतं ते समजायला पापणीची शिवण बघावी लागते. पापणी दुपदरी असते. पुढचा पदर कातडीचा आणि तिच्याखालच्या, डोळा मिटणाऱ्या स्नायूचा. मागचा पदर एका चिवट पट्टीचा आणि तिला आतून चिकटलेल्या ओलसर पातळ आवरणाचा. अस्तर लावलेला कपडा धुतल्यावर अस्तर आटलं तर कड आत वळते, वरचं कापड आटलं तर बाहेर. पापणीचंही तेच. भाजल्याच्या जखमेनं, अपघातानं किंवा जुनाट त्वचारोगानं पुढची कातडी आखडली की पापणी बाहेर खेचली जाते. डोळ्यात चुना किंवा ॲसिड उडालं, वर्षानुवर्षं खुपऱ्या (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्ग) होत राहिल्या, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी औषधाची तीव्र प्रतिक्रिया आली, तर आतल्या आवरणावर व्रण धरतात, ते आखडतं आणि कड आत ओढली जाते. खुपऱ्यांत हे बहुतेकदा वरच्या पापणीचं होतं.

वयाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच पटतो. उतारवयात पापणीला दोन्ही कोपऱ्यांत ताणून धरणारे बंध सैल पडतात. हे दोन्ही प्रकारांत घडतं. मग एकाची बाहेर का आणि दुसऱ्याची आत का? खालच्या पापणीला खालून ओढून धरणारे तंतूही असतात. ते सुटले आणि पुढच्या पदरातला स्नायू सरकून पापणीच्या कडेवर चढला, की कड आत उलटते. सैलपणा सारखा असला तरी बिघाड निराळा, आणि म्हणून दुरुस्तीही निराळी.

वयाशी काडीचा संबंध नसलेली कारणंही आहेत. चेहऱ्याची नस लुळी पडली, बेल्स पाल्सीत होतं तसं, की खालची पापणी लोंबते आणि डोळा पुरता मिटत नाही. तिथं महत्त्वाचं काम म्हणजे नस बरी होईपर्यंत डोळा सुकू न देणं. पापणीच्या कडेवर न भरणारी जखम किंवा गाठ असेल, तिथले केस झडले असतील आणि पापणी तिकडे ओढली जात असेल, तर त्वचेचा कर्करोग नाही ना, हे तपासायलाच हवं. अशा माणसाला ‘वय झालं’ म्हणून घरी बसवणं मला अक्षम्य वाटतं.

लहान मुलांत कधी पापणीच्या कडेलगत कातडीची जास्तीची घडी असते आणि ती केसांना आत ढकलते. तिथं पापणीची कड जागेवरच असते. चेहरा वाढतो तसं हे बरेचदा आपोआप सुधारतं. तरी बुबुळ खरचटतंय का, ते डॉक्टरांनीच बघावं.

‘पाणी येतंय म्हणजे डोळा ओला’

पाणी दोन्हींत येतं, पण कारणं वेगळी. खालच्या पापणीच्या नाकाकडच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात. पापणी बाहेर वळली की ते छिद्र डोळ्यापासून दूर जाऊन हवेकडे तोंड करतं. मग अश्रूंना वाट उरते ती गालावरून. आत वळलेल्या पापणीत मुख्य कारण टोचणी: केस घासतात, डोळा चिडतो आणि पाणी सोडतो.

पापणी बाहेर वळलेल्या डोळ्यात तर पाणी वाहत असतं आणि बुबुळ सुकतही असतं. पापणी नीट टेकत नाही, त्यामुळे अश्रूंचा थर सारखा पसरत नाही. उघडं पडलेलं अस्तर जाड होतं, कातडीसारखं खरखरीत होतं. म्हणून डॉक्टर ओलावा देणारे थेंब दिवसा आणि मलम रात्री देतात. ‘वाहत्या डोळ्यात आणखी थेंब कशाला’ म्हणून ते बंद करू नका.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. वाहणारं पाणी माणूस सवयीनं खाली ओढून पुसतो. दिवसातून पन्नासदा तसं पुसलं की आधीच सैल पापणी आणखी बाहेर येते. मऊ कापडानं टिपावं, आणि पुसायचंच तर वरच्या दिशेला, नाकाकडे.

‘केस उपटा, मसाज करा’

आत्याची भाची म्हणून या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ती खिडकीपाशी बसून चिमट्यानं केस काढायची. चार-पाच दिवस बरं वाटायचं. उपटलेला केस काही आठवड्यांत परत येतो, आणि उगवताना तो आखूड, ताठ खुंट असतो. लांब मऊ केसापेक्षा तो खुंट जास्त बोचतो. शिवाय चिमट्यात केस अर्ध्यात तुटला तर तुटकं टोक तिथंच राहतं. पापणीची कड जागेवर असून एखाद-दुसरा केसच वाकडा असेल तर डॉक्टर तो काढतात, तात्पुरता आरामही मिळतो. पण कडच उलटली असेल तर केस उपटून कड सरळ होत नाही.

मसाजनं सुटलेले तंतू परत चिकटत नाहीत आणि व्रणही विरघळत नाही. उलट तो चुकीच्या दिशेनं झाला तर नुकसान. डॉक्टर तात्पुरती चिकटपट्टी लावायला शिकवतात तेव्हा दोन आजारांतला फरक बोटाच्या टोकावर येतो. आत वळलेल्या पापणीला पट्टी गालाकडे खाली ओढून लावतात, लोंबलेल्या पापणीला कानशिलाकडे वर ओढून. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर काय होईल, हे आणखी समजावून सांगायला नको.

आत वळलेल्या पापणीवर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. ऑपरेशन लगेच शक्य नसेल तेव्हा ते उपयोगी पडतं.

‘ऑपरेशन दिसण्यासाठी’

बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. केस घासून तो खरचटतो, ओरखड्यात जंतू शिरतात, जखम होते, आणि ती भरली तरी डाग उरतो. त्या डागातून उजेड नीट जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या खुपऱ्यांविरुद्धच्या ‘सेफ’ (SAFE) धोरणात पहिलं अक्षर शस्त्रक्रियेचं, म्हणजे ‘सर्जरी’चं आहे, आत वळलेली पापणी सरळ करण्याच्या. दृष्टी वाचवायची म्हणून.

वयामुळे सैल पडलेल्या पापणीसाठी बाहेरच्या कोपऱ्यात ती आखडून हाडाच्या आवरणाला टाचतात. ही पद्धत १९७९ साली प्रसिद्ध झाली आणि आजही रोज वापरली जाते. पापणी आत वळली असेल तर जोडीला सुटलेले तंतूही बांधतात. कातडी आखडून पापणी बाहेर ओढली असेल तर नुसतं घट्ट करून भागत नाही, तिथं कातडीचं कलम लावावं लागतं. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा जागा बधिर करून काम होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.

‘आरशात नीट दिसतेय ना?’

आत्याची पापणी सदानकदा आत वळलेली नसायची. बोटानं गाल खाली ओढून धरला की केस बाहेर यायचे आणि बरं वाटायचं. वाचताना तिचं बोट कायम गालावर असे. आम्हाला ती लकब वाटली. पहिल्या तपासणीला गेली तेव्हा पापणी जागेवर होती, ‘डोळे कोरडे आहेत’ म्हणून थेंब मिळाले. कित्येक महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तिला डोळे गच्च मिटायला सांगितले, मग उघडायला. आमच्यासमोर पापणीची कड गुंडाळी होऊन आत गेली. तोवर डाग पडून गेला होता.

म्हणून डोळ्यात सतत काही खुपत असेल आणि तपासणीत काही सापडत नसेल, तर त्रास होत असतानाचा जवळून फोटो काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा. गाल खाली ओढल्यावर बरं वाटतं का, हेही सांगा. दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, नजर अंधुक झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर फोटोच्या नादी न लागता त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.