इंग्रजीच्या तासाला पोरांची वाचा कशी बंद करावी

सर, मॅडम, तुम्ही नाशिकात मराठी माध्यमाला इंग्रजी शिकवत असाल तर तुमची खरी डोकेदुखी एकच, पोरं बोलतात. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हापासून आपण लोकांनी मेहनत घेतलीय, दहावीपर्यंत बहुतेक पोरं गप्प होतात, पण काही वाचाळ कार्टी अजून सुटतात ना, त्यांच्यासाठी हे.

वर्गात मराठी शब्द निघाला की दंड लावा. सुरगाण्याकडून आलेलं पोरगं घरी कोकणा बोलतं, सटाण्याचं अहिराणी बोलतं, मराठी त्यांनी शाळेत येऊन उचललेली असते, म्हणजे एक नवी भाषा या वयात शिकून झालीय आणि ती कशी शिकायची हे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा बरं कळतं. हे त्याला अजिबात कळू द्यायचं नाही! २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, पण ते वाचायला वेळ कुणाला आहे, आपल्याला खिचडीच्या नोंदी भरायच्या असतात.

प्रश्न विचारला की थांबू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या आसपास वर्गातली रेकॉर्डिंग तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं निघालं, आणि तेच तीन सेकंद थांबले तर पोरं मोठी उत्तरं देतात, मागच्या बाकावरची मुकी पोरंसुद्धा तोंड उघडतात. धोका लक्षात आला का? तर प्रश्न आपणच विचारायचा, उत्तर आपणच द्यायचं, वर 'अंडरस्टूड?' म्हणायचं, साठ पोरं एका सुरात 'येस सर' म्हणतात, झालं संभाषण कौशल्य.

स्टीफन क्रॅशन नावाचा अमेरिकन भाषातज्ज्ञ म्हणतो की नवी भाषा शिकणारा आधी काही काळ नुसता ऐकतो, त्याला ऐकू द्यावं. म्हणून नवीन पोराला पहिल्याच दिवशी उभं करून 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' म्हणायचं, चुकला की वाक्यावाक्याला अडवायचं, आणि बाकीच्यांना हसायला मोकळीक द्यायची (ते फुकटात काम करतात).

प्रभू नावाच्या आपल्याच माणसाने १९७९ पासून बंगळुरूकडं भलताच प्रयोग केला, व्याकरण सांगायचंच नाही, पोरांपुढं नकाशे नि टाइमटेबल ठेवायचे आणि काम सोडवायला लावायचं. उद्या कुणी म्हणेल, पंचवटी एक्स्प्रेसचं टाइमटेबल द्या, नाशिकरोडहून निघून कल्याणला कधी पोचणार ते इंग्रजीत विचारू द्या एकमेकांना. नको रे बाबा! पोरं भांडतील, मोडकंतोडकं का होईना बोलतील, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. त्यापेक्षा फळ्यावर 'रिमूव्ह टू' आणि 'नो सूनर दॅन' लिहून द्या, मार्क हमखास मिळतात आणि जन्मात कुणाशी बोलताना लागत नाही.

तपासणीला साहेब येणार असतील तर 'माय मदर' निबंध घोकलेली तीन पोरं पुढच्या बाकावर बसवा. साहेबांनी मधेच एखाद्याला सकाळी डब्यात काय आणलं असं इंग्रजीत विचारलंच, तर पोरगं तोंड उघडायच्या आत पुढं व्हा आणि सांगा, साहेब, हे सिलॅबसमध्ये नाहीये.