संक्रमणाचा गड्डा

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन प्रकारांच्या अधेमधे ज्या जागेत स्पर्धक बूट-टोप्या बदलतात, तिला ट्रान्झिशन म्हणतात. याचे शुद्ध मराठी संक्रमण असे होते. आता सोलापूरकराला संक्रमण म्हटले की संक्रांत आठवते, संक्रांत म्हटली की होम मैदानावरचा सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, आठवतो, आणि गड्ड्यावर एकदा जागा मिळाली की माणूस दुकान मांडतोच. तेव्हा प्रथमच स्पर्धेला निघालेल्या आपल्या बांधवांनी सामानाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत 1.5 किलोमीटर पोहून, 40 किलोमीटर सायकल चालवून, वर 10 किलोमीटर धावायचे असते. सिडनीत 2000 साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतराने. तेथील खेळाडू पाण्यातून येतात, हेल्मेट चढवतात आणि मिनिटभरात सायकल घेऊन पसार होतात, कारण बिचाऱ्यांजवळ सामानच नसते. बूटसुद्धा पेडललाच अडकवून ठेवलेले असतात. कपडे बदलतानाही घड्याळ चालूच राहते, या एका धास्तीपोटी ही माणसे इतकी दरिद्री राहतात.

आपण असे करू नये. सायकली लावायच्या स्टँडवर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम हँडलच्या रुंदीएवढी जागा येते आणि जाणकार मंडळी तेथे हातभर टॉवेल अंथरून भागवतात. ज्या गावाचे टेरी टॉवेल गावोगावच्या न्हाणीघरांत पोचले आहेत, त्या गावच्या माणसाने हातभर टॉवेलावर समाधान मानणे शोभत नाही. आपण सरळ डबलबेडची चादर न्यावी आणि पहाटे पाचलाच ती पूर्ण उलगडून अंथरावी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगणे नलगे. चादरीवर पाय धुण्याची बादली, तांब्या, बसायला स्टूल, तीन जोड मोजे, छत्री आणि कडक भाकरीचा डबा मांडून ठेवावा. शेजाऱ्याने डोळे वटारले तर त्याला भाकरी द्यावी.

शेंगाचटणीबाबत मात्र स्वानुभवाचे दोन शब्द. ओला पाय बुटात सहज सरकावा म्हणून अनुभवी लोक बुटात पावडर टाकतात. मी डाव्या बुटात पावडर टाकली होती आणि उजव्यात, सांडू नये म्हणून, चटणीची पुडी ठेवली होती. घाईत पाय घातला तेव्हा पुडी फुटल्याचे मला कळलेही नाही. कळले ते चौथ्या किलोमीटरला, घामाने भिजलेली चटणी बोटांच्या बेचक्यांत मुरल्यावर. त्या पायाने पुढे जो वेग घेतला, तो डाव्या पायाला शेवटपर्यंत साधला नाही.

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही, हा नियम फार कडक आहे. आमच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तो इतका मनावर घेतला की आधी हेल्मेट घालून पट्टा आवळला आणि मग त्यावरून टी-शर्ट घालायला घेतला. गळ्यात हेल्मेट अडकले, दोन्ही हात वर राहिले आणि आतून दबक्या आवाजात स्वतःच्या सायकलची चौकशी सुरू झाली. पंच शिट्टी विसरून पाहत राहिले. आपली सायकल ओळखू यावी म्हणून त्यांनी स्टँडला लाल फुगा बांधला होता, हे खरे, पण त्या रांगेत सगळ्यांनीच लाल फुगे बांधले होते. या सावळ्या गोंधळात आपण खचून जाऊ नये. तांब्याभर पाणी प्यावे, स्टुलावर बसावे आणि कोणता मोजा कोणत्या पायाचा, याचा शांतपणे विचार करावा.

स्पर्धा संपल्यावर चादर तेवढी नीट झटकून घ्यावी. घरी येऊन उलगडली तेव्हा माझ्या चादरीत पोहण्याचे दोन अनोळखी गॉगल आणि शेजारच्या पुणेकराचा डावा बूट निघाला. ते गृहस्थ त्या दिवशी एकाच बुटाने किती धावले, हे विचारायचे राहूनच गेले. बूट माळ्यावर ठेवला आहे.